उल्फ सॅम्युएल्सनला कोच म्हणून परत परत कोण बोलावतं, आणि तुमच्या मुलाने त्याचं नक्की काय बघायचं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा १३ वर्षांचा, आइस हॉकीत डिफेन्स खेळतो, यंदा पहिल्यांदाच बॉडी चेकिंग (अंगाने धडकून समोरच्याला अडवणं, म्हणजेच हिट) चालतं त्या वयोगटात जातोय, आणि कोचने त्याला सांगितलं की उल्फ सॅम्युएल्सन नावाच्या स्वीडिश डिफेन्समनचा खेळ बघ. तुम्ही घरी व्हिडिओ लावले आणि पाच मिनिटांत बंद केले, कारण त्यात नुसती माणसं आडवी पडत होती. असा माणूस इतकी वर्षं एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये, कोच म्हणून कसा राहिला, आणि माझ्या मुलाने ह्याच्याकडून काय घ्यायचं, असं तुम्ही विचारलंय. मी कॅनडातल्या ओंटारियोत १६ वर्षं मुलांच्या टीमचे डिफेन्समन सांभाळतोय आणि ह्या माणसाचा खेळ मी स्वतः डिफेन्स शिकवायला लागल्यापासून परत परत बघत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुम्हाला जे दिसलं त्याबद्दल. ते खरंच आहे, त्यावर पांघरूण घालायचं काही कारण नाही. १९९१ च्या कॉन्फरन्स फायनलमध्ये, म्हणजे लीगच्या फायनलच्या आधीच्या फेरीत, पिट्सबर्गकडून खेळताना त्याने बॉस्टनच्या कॅम नीलीला जो हिट दिला तो मांडीवर बसला, पुढे त्या मांडीच्या स्नायूत हाडासारखा कडकपणा धरला, आणि नीली पुढच्या दोन सीझनमध्ये मिळून फक्त २२ मॅच खेळू शकला. १९९३-९४ ला नीलीने परत येऊन ४९ मॅचमध्ये ५० गोल मारले, पण शरीराने फार काळ साथ दिली नाही, १९९६ ला तो रिटायर झाला. बॉस्टनमध्ये आजही सॅम्युएल्सनचं नाव काढलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात आणि मला ते अगदी समजतं. उलट बाजूही झाली, ऑक्टोबर १९९५ मध्ये टोरोंटोच्या टाय डोमीने त्याला बेसावध असताना ठोसा मारून बर्फावर बेशुद्ध पाडलं आणि डोमीला ८ मॅचचं सस्पेन्शन मिळालं. १०८० मॅच, ५७ गोल, २७५ असिस्ट आणि २४५३ पेनल्टी मिनिटं, हा त्याचा एनएचएलचा हिशोब. म्हणजे शिक्षा झालेल्यांच्या पेनल्टी बॉक्समध्ये बसून त्याने पूर्ण ४० मॅचच्या (६० मिनिटांची एक) वर वेळ काढलाय. स्वीडनमध्ये त्याला 'टुफ्फे उफ्फे' म्हणायचे, म्हणजे आपला टणक उल्फ.

आता कोचिंगचं. लोक त्याच्या नोकऱ्यांची यादी बघतात, फिनिक्स, मोडो, न्यूयॉर्क, शार्लट, शिकागो, फ्लोरिडा, आणि त्यांना वाटतं हा फिरत फिरत कुठे कुठे लागला. मला त्या यादीत एक धागा दिसतो आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

तो मूळचा फागेर्स्ताचा, पोलाद कारखान्यांचं गाव, जन्म १९६४. तिकडच्या लेक्सांद क्लबकडून खेळला, १९८२ च्या ड्राफ्टमध्ये (टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) हार्टफर्ड व्हेलर्सने त्याला ६७ व्या नंबरला घेतलं आणि १९८४ ला तो अमेरिकेत आला. त्या काळातली हार्टफर्डची ड्रेसिंग रूम डोळ्यासमोर आणा. कॅप्टन रॉन फ्रान्सिस. डिफेन्सला जोएल केनव्हिल. फॉरवर्ड केव्हिन डिनीन आणि डेव्ह टिपेट. छोट्या शहराची टीम, पैसा कमी, स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचा विजेतेपदाचा कप, कधीच जिंकली नाही, १९९७ ला तर टीमच उचलून कॅरोलिनाला नेली. पण त्या रूममधले किती जण पुढे कोच आणि मॅनेजर झाले बघा, आणि सॅम्युएल्सनला कामं कोणाकडून मिळाली तेही बघा. फिनिक्समध्ये त्याला असिस्टंट म्हणून घेतलं तेव्हा हेड कोच वेन ग्रेट्झकी होता, जो न्यूयॉर्क रेंजर्समध्ये त्याच्या सोबत खेळलेला. ग्रेट्झकी गेल्यावर टिपेट आला, तर सॅम्युएल्सन राहिलाच. २०११ ला स्वीडनला मोडोचा हेड कोच झाला तेव्हा तिथला मॅनेजर मार्कुस नेसलुंड, पिट्सबर्गमध्ये नवखा पोरगा असताना सॅम्युएल्सनच्या रूममध्ये बसलेला. २०१६ ला शार्लट चेकर्स ही तेव्हाची कॅरोलिनाची खालची टीम त्याच्या हाती दिली तेव्हा कॅरोलिनाचा जनरल मॅनेजर रॉन फ्रान्सिस. २०१७ ला शिकागोत बोलावलं ते केनव्हिलने, आणि तिथे दुसरा असिस्टंट कोण, तर डिनीन. नोव्हेंबर २०१८ ला तिघांनाही एकाच दिवशी काढलं. पुढे फ्लोरिडालाही केनव्हिलच्या हाताखालीच गेला.

ओळखीने कामं मिळतात हे सगळीकडेच असतं हो, पण ओळखीने एकदा मिळतं. एकाच माणसाला वीस पंचवीस वर्षांपूर्वीचे सोबती, तेही स्वतःची नोकरी पणाला लागलेली असताना, परत परत बोलावतात तेव्हा त्याचा अर्थ वेगळा असतो. प्रेक्षकांना तो मारकुटा दिसत होता, शेजारी बसून बूट बांधणाऱ्यांना तो वेगळा दिसत होता. त्यांना माहीत होतं की हा माणूस खेळ वाचतो, उरलेल्या चार जणांनी कुठे असायला हवं ते ह्याला कळतं, आणि हा रोज येतो. मार्च १९९१ ला फ्रान्सिस आणि सॅम्युएल्सन दोघांनाही हार्टफर्डने एकाच ट्रेडमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीत, पिट्सबर्गला दिलं, ग्रँट जेनिंग्ससकट, आणि हार्टफर्डचे लोक तो ट्रेड अजून विसरले नाहीत, कारण पिट्सबर्गने त्याच वर्षी आणि पुढच्या वर्षी लागोपाठ स्टॅनली कप जिंकला. १९९१ च्या फायनलची शेवटची मॅच मिनेसोटाविरुद्ध ८-० झाली. त्यातला पहिला गोल सॅम्युएल्सनचा, म्हणजे हिशोबाने कप जिंकून देणारा गोल त्याच्या नावावर आहे. मारिओ लेम्यूसारखा गोल करणारा दिग्गज असलेल्या टीममध्ये!

ह्या बंद खोलीच्या विश्वासाची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी अर्धंच सांगितलं असं होईल. केनव्हिलला ऑक्टोबर २०२१ ला फ्लोरिडातून राजीनामा द्यावा लागला, कारण २०१० ला शिकागोत एका खेळाडूने व्हिडिओ कोचवर लैंगिक अत्याचाराचा आरोप केला होता आणि तो क्लबने दाबून ठेवला हे चौकशीत बाहेर आलं. सॅम्युएल्सन तेव्हा शिकागोत नव्हता, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही. पण 'आपली माणसं' ह्या भावनेत किती मोठी गोष्ट झाकली जाऊ शकते ते ह्या खेळाने तेव्हा बघितलं, आणि मुलांना क्लबमध्ये सोडणाऱ्या प्रत्येक आईबापाने हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

आता खेळाकडे येतो, तुमच्या मुलाच्या कामाचं हेच आहे.

स्वीडनमधली रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, साधारण ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असते. इकडची एनएचएलची लांबीला तेवढीच पण रुंदीला फक्त २६ मीटर. चार मीटर म्हणजे काय मोठं असं वाटेल, पण डिफेन्समनचं सगळं आयुष्य त्या चार मीटरमध्ये आहे. रुंद बर्फावर वाढलेल्या मुलाला एक गोष्ट हाडात मुरलेली असते, की समोरच्याच्या मागे कडेला धावायचं नाही, गोल आणि तो ह्यांच्या मधली आतली जागा सोडायची नाही, कारण तिथे एकदा चुकलं की परत यायला फार लांब पडतं. सॅम्युएल्सन ही सवय घेऊन अरुंद बर्फावर आला. इथे बोर्ड, म्हणजे कडेची भिंत, जवळ, समोरच्याला पळायला जागा कमी, म्हणजे तीच आतली जागा धरून दोन पावलं टाकली की माणूस थेट भिंतीला लागतो. त्याचे जे हिट तुम्ही बघितलेत त्यातले बरेचसे असे आहेत, हिट व्हायच्या दोन सेकंद आधीच समोरच्याचं काम संपलेलं असतं, फक्त त्याला ते कळलेलं नसतं.

मी मुलांना हे कबड्डीवरून सांगतो, आमच्या टीममध्ये दोन मराठी पोरं आहेत त्यांना लगेच कळतं आणि मग ती बाकीच्यांना समजावतात. चढाई करणारा मधोमध असला की त्याला दोन्हीकडे वाट असते, तेव्हा कोपऱ्यावरचा गडी घाईने पायात घुसला तर तो त्याच्यावरून उडी मारून जातो. जाणता गडी आधी परतीची वाट कापतो, सरकत सरकत त्याला कडेला नेतो, आणि जागा संपली की मग पकड. हॉकीत कडेचा बोर्ड हा आपला जास्तीचा गडी आहे, तो कधी दमत नाही आणि कधी चुकत नाही, त्याच्याकडे माणूस नेऊन द्यायचा एवढंच आपलं काम. ह्याला इथे अँगलिंग म्हणतात. आणि समोरच्यापासून किती अंतर ठेवायचं त्याला गॅप. मधल्या रेषेवर दोन स्टिकचं अंतर, ब्लू लाइनवर (जिथून आपला भाग सुरू होतो) एका स्टिकचं, आणि गोलजवळच्या फेसऑफच्या वर्तुळाच्या आसपास येईपर्यंत हाताला लागला पाहिजे. हे तोंडाने सांगून होत नाही. मी दोन स्टिक खरोखर बर्फावर एकापुढे एक ठेवतो, मुलाला एका टोकाला उभं करतो, दुसऱ्या टोकाला मी पक, म्हणजे हॉकीची रबरी चकती, घेऊन, आणि हळूहळू त्याच्याकडे सरकतो, त्याने मागे मागे जायचं. पहिल्या दिवशी सगळी मुलं एकच चूक करतात, डोळे पकवर. मी पक उजवीकडे हलवला की पोराचे खांदे उजवीकडे आणि मी डावीकडून निघून जातो. मग मी त्याला म्हणतो की माझ्या जर्सीच्या मधल्या अक्षराकडे बघ, पक खोटं बोलतो, छाती बोलत नाही. दहा मिनिटांत बर्फावरचा आवाज बदलतो, आधी बुटांची नुसती खरखर असते, मग वळणाला धार लागल्यासारखा स्वच्छ आवाज यायला लागतो, तिथे मला कळतं की पोराचं वजन आता टाचेवरून पुढे आलं.

सॅम्युएल्सनच्या कोचिंगमध्ये मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. २००४-०५ चा पूर्ण सीझन लॉकआऊटमुळे (मालकांनी खेळच बंद ठेवला) गेला आणि त्यानंतर एनएचएलने स्टिकने अडकवणं, धरणं, समोरच्याची वाट अडवणं ह्यावर एकदम कडक पेनल्टी लावायला सुरुवात केली. त्याच्या खेळातला मोठा भाग त्या दिवशी बेकायदा झाला. आणि नेमका त्याच काळात तो कोचिंगमध्ये येत होता! म्हणजे त्याला जो डिफेन्स शिकवायचा होता तो तो स्वतः कधी खेळलाच नव्हता. अशा वेळी जुने खेळाडू दोनपैकी एक करतात, आमच्या वेळी असं नव्हतं म्हणून कुढत बसतात, किंवा स्वतःच्या खेळातलं काय नियमांवर अवलंबून होतं आणि काय नव्हतं ते वेगळं काढतात. नियम काहीही असो, आतली जागा, गॅप, पक आणायला मागे जाताना आधी खांद्यावरून एकदा मागे बघून घेणं, हे बदलत नाही. फिनिक्समध्ये त्याच्या शेवटच्या सीझनला ऑलिव्हर एकमन-लार्सन हा १९ वर्षांचा स्वीडिश डिफेन्समन टीममध्ये आला, हलका, पासवर जगणारा, सॅम्युएल्सनच्या अगदी उलट जातीचा खेळाडू. पुढे तो त्या टीमचा कॅप्टन झाला. त्याचं श्रेय कोणा एकाला देणार नाही मी, पण अशा पोराच्या हाती पहिल्याच वर्षी अशा माणसाची तालीम असणं मला फार चांगलं वाटतं.

असिस्टंट म्हणजे दुय्यम, असं आपल्याकडे पटकन वाटतं, ते डोक्यातून काढा. बेंचवर एक कोच फॉरवर्ड बदलतो आणि एक डिफेन्सच्या जोड्या. सहा डिफेन्समन, तीन जोड्या, एक शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एक पाळी, साधारण ४०-४५ सेकंदांची. डिफेन्सचा कोच त्यांच्या पाठीमागे उभा असतो, कोण दमलाय, कोणाच्या हातून आत्ताच चूक झाली आणि त्याला लगेच परत पाठवायचं की एक शिफ्ट बसवून ठेवायचं, समोरून कोणाची लाईन (फॉरवर्डची तिकडी) येतेय, हे सगळं तो सेकंदात ठरवतो आणि खांद्यावर हात ठेवून नाव घेतो. मॅचमध्ये हे शंभरेक वेळा. २०१३ ते २०१६ तो न्यूयॉर्क रेंजर्सला आलँ विन्योच्या हाताखाली हेच करत होता, रायन मॅकडोना, डॅन जिरार्डी, मार्क स्टाल, पहिल्या वर्षी आंतोन स्ट्रालमन. २०१४ ला ती टीम फायनलला गेली, लॉस एंजेलिसकडून ४-१ हरली, पुढच्या सीझनला लीगमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट तिचे होते. गोलमध्ये हेनरिक लुंडक्विस्ट असल्यावर निम्मं काम सोपं हे मान्य, पण त्याच्या समोरून शॉट कुठून येणार हे ठरवणारे हे सहा जण होते.

हेड कोच म्हणून तो मोडोला दोन सीझन आणि शार्लटला एक सीझन होता. माझं मत विचाराल तर त्याची खरी जागा बेंचवर डिफेन्सच्या मागेच. हेड कोचला पत्रकार, मालक, स्पॉन्सर, गोलकीपरची मनःस्थिती, सगळं बघावं लागतं, तो वेगळा धंदा आहे. शार्लटला एक गोष्ट मात्र झाली, त्याचा मोठा मुलगा फिलिप, तोही डिफेन्समन, त्याच सीझनच्या मधे ट्रेड होऊन बापाच्याच टीममध्ये आला. मी स्वतःच्या मुलीला तीन वर्षं कोचिंग केलंय, बर्फावर तिला इतरांसारखंच वागवायचं आणि घरी येताना गाडीत मॅचबद्दल शब्द काढायचा नाही हा नियम पाळताना काय होतं ते मला माहितीये.

एक गोष्ट जरा बाजूची, पण परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांना ती लगेच भिडेल. १९९८ च्या नागानो ऑलिम्पिकला सॅम्युएल्सन स्वीडनकडून उतरला आणि स्पर्धा चालू असताना एका स्वीडिश पत्रकाराने शोधून काढलं की त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय. तेव्हाच्या स्वीडिश कायद्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की स्वीडनचं आपोआप जायचं. झालं, ज्या देशाची जर्सी अंगावर होती त्याचा तो नागरिकच नव्हता, स्पर्धेतून बाहेर. टीमचे पॉइंट राहिले, पण क्वार्टर फायनलला स्वीडन फिनलंडकडून २-१ हरलं. स्वीडनने २००१ ला कायदा बदलून दुहेरी नागरिकत्व मान्य केलं. आपल्या भारताचा नियम अजून तसाच आहे, कॅनडाचा पासपोर्ट घेतला की भारताचा गेला, हातात राहतं ते ओसीआय कार्ड. तुमच्या मुलाचं पुढे काही व्हायचं असेल तर कागद आधी तपासून ठेवा एवढंच.

आता मुलाचं. इथे मला माझी एक चूक सांगायलाच हवी. हॉकी कॅनडाने २०१३ ला पीवी (११-१२ वर्षांच्या) वयोगटातलं बॉडी चेकिंग बंद केलं, तेव्हापासून मुलं पहिला हिट देतात आणि खातात ती थेट तुमच्या मुलाच्या वयाला, अंगाने मोठी आणि वेगाने दुप्पट झालेली असताना. त्या पहिल्या काही वर्षांत मी घाबरून सीझनच्या सुरुवातीलाच हिट कसा द्यायचा ते शिकवायला घेतलं, वाटलं मुलं तयार असावीत. एका प्रॅक्टिसला एक पोरगा कोनातून न येता सरळ धावत गेला, समोरचा शेवटच्या क्षणी वळला आणि ह्याचा खांदा बोर्डवर आदळला, कॉलरबोन मोडलं. सीझन गेला त्याचा. त्याची काही चूक नव्हती, मी क्रम उलटा शिकवला होता. तेव्हापासून आमच्याकडे पहिले सहा आठवडे कोणी कोणाला हिट देत नाही, फक्त पाय, कोन, अंतर, स्टिक पकवर, आणि स्वतः हिट खाताना बोर्डपासून हातभर अंतरावर उभं न राहता एकतर अगदी चिकटून राहायचं किंवा पूर्ण लांब. ते मधलं हातभर अंतर सगळ्यात धोक्याचं, हे मुलाला आजच सांगा.

आणि ते व्हिडिओ परत लावा, पण आवाज बंद करून आणि वेगळ्या पद्धतीने. टक्कर व्हायच्या तीन सेकंद आधी थांबवा आणि मुलाला विचारा, उल्फचे पाय कुठे आहेत, गोल कुठल्या बाजूला आहे, समोरच्याला अजून कुठली वाट उरलीये. मग एक एक सेकंद पुढे न्या. टक्करच्या जागी परत थांबवा आणि विचारा, गुडघा बाहेर आला का, हिट मांडीवर बसला की खांद्याला खांदा लागला, कारण नीलीच्या हिटमध्ये आणि त्याच्या चांगल्या हिटमध्ये नेमका हाच फरक आहे आणि तो १३ वर्षांच्या मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसायला हवा. अशा दहा क्लिप पुरेत. शक्य झालं तर त्यासोबत २०१४ च्या रेंजर्सच्या मॅच लावा आणि पकवाला खेळाडू सोडून फक्त मॅकडोनाकडे बघत बसायला सांगा, एक शिफ्ट, मग पुढची. पहिल्यांदा कंटाळा येईल त्याला. तिसऱ्या चौथ्या शिफ्टला तो स्वतःच 'आता हा आत सरकणार' असं आधी बोलायला लागला तर मला नक्की कळवा.